एका मिनिटाचा हिशेब

नरकचतुर्दशीची पहाट म्हणजे घरात नुसती धांदल. बंबात ढलप्या पेटलेल्या, उटण्याचा वास माजघरापर्यंत आलेला, आणि थंडी अशी की पाण्याचा तांब्या अंगावर पडेपर्यंत दातांचे वाजणे थांबू नये. घरात तान्हे मूल असले तर ते मात्र या धांदलीतून वेगळे काढलेले असे. त्याच्या अंगाला तेल लावण्यापूर्वी आजी त्याचे झबले वर करी आणि त्याच्या पोटाकडे काही क्षण पाहत राही. हात लावीत नसे, बोलत नसे, नुसती पाहत असे. मग एक तर म्हणे, "काही नाही, नाक गळतंय एवढंच." नाहीतर तिचा आवाज बदले. "ह्याला आज न्हाऊ घालू नका. पोट उडतंय." मग तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापू लागे, वेखंड उगाळले जाई, आणि फटाक्यांच्या आवाजाने दचकू नये म्हणून बाळाला आतल्या खोलीत नेले जाई. आईच्या तोंडचे फराळाचे पाणी पळालेले असे, हे सांगायला नकोच.

पोट उडणे, बरगड्या ओढणे, डबा होणे, बाळदमा, धाप, छाती भरणे. आपल्या भाषेत या एका दुखण्याला गावोगाव निराळे नाव आहे. ज्या गोष्टीला इतकी नावे पडतात ती गोष्ट घरोघरी येऊन गेलेली असते. डॉक्टरांच्या भाषेत हा न्यूमोनिया, फुफ्फुसदाह. आणि आजी जे झबले वर करून पाहत असे, त्या पाहण्याशी येऊन पोचायला पाश्चात्त्य वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. मी आजीची थोरवी गाण्यासाठी हे लिहीत नाही. आजीला दुखणे दिसत होते, पण तिच्यापाशी औषध नव्हते. ओव्याचा शेक बिचारा निरुपद्रवी तरी होता. मेळघाटासारख्या भागात तर अशा मुलांच्या पोटाला तापल्या लोखंडाच्या डागण्या देण्याची रीत आजतागायत पुरती गेलेली नाही. उलट शास्त्रापाशी औषध होते, पण ते त्या झबल्यापर्यंत पोचत नव्हते. या दोन टोकांच्या मधल्या वाटेवर किती मुले गेली आणि ती वाट कोणी कशी तुडवली, त्याची ही हकीकत आहे.

आरंभ पॅरिसमध्ये होतो. १८१६ साली नेकर रुग्णालयातील लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावून तपासणे संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाला, आणि हृदयाचे ठोके नुसत्या कानाने ऐकू येतात त्याहून स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडाची नळी घडवली. तोच स्टेथोस्कोप. डॉक्टर आणि रोगी यांच्यात आलेली ती पहिली नळी. तिने फुफ्फुसातील कुरकुर, सूं सूं, शिट्टी असे सारे आवाज उघड केले आणि त्या आवाजांचे एक शास्त्रच उभे राहिले. मात्र या शास्त्राला शिकलेला कान लागतो, आणि शिकलेले कान शहरात राहतात.

१८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांना, एकमेकांच्या नकळत, तो जंतू दिसला ज्याला आज आपण न्यूमोकोकस म्हणतो. जंतू सापडला म्हणून रोगी वाचला असे झाले नाही. विल्यम ऑस्लर या नामांकित वैद्यकपंडितांनी या रोगाला मृत्यूच्या सैन्याचे सेनापतिपद बहाल केले होते, आणि १९१९ साली ते स्वतः फुफ्फुसाच्याच दुखण्याने गेले. औषध आले ते १९३८ साली. मे अँड बेकर या इंग्रज कंपनीचे ६९३ क्रमांकाचे रसायन. 'एम अँड बी'च्या त्या गोळ्या पुढे घरोघर माहीत झाल्या. त्यामागोमाग पेनिसिलिन. आणि १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. नव्या राष्ट्राला त्या चिमण्यांचा केवढा अभिमान होता! ज्या औषधासाठी महायुद्धात सैन्ये अडून बसत, ते आता पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला तयार होऊ लागले होते.

म्हणजे मग गोष्ट इथेच संपायला हवी होती. जंतू ठाऊक, औषध ठाऊक, औषधाचा कारखाना घरचा. युरोप-अमेरिकेत ती बरीचशी संपलीही. तिथे घरे सुधारली, अन्न सुधारले, मुलांची वजने वाढली, वर औषधे आली, आणि न्यूमोनियाने मूल दगावणे ही विरळा गोष्ट होऊन बसली. पण १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेकडील लिओव्स्की यांनी जगाचा हिशेब मांडला, तेव्हा श्वसनमार्गाच्या तीव्र आजारांनी दरसाल सुमारे ४० लाख लहान मुले मरतात असा अंदाज निघाला. पेनिसिलिन येऊन चाळीस वर्षे लोटली होती. हे मृत्यू होते कुठे? बहुतेक सारे आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या गरीब मुलखात, आणि त्यांतले पुष्कळसे घरातच, डॉक्टरची नजर न पडता झालेले.

आता मूल मरते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. विषय सणाला शोभत नाही, पण त्यावाचून पुढचे कळायचे नाही. फुफ्फुस म्हणजे बारीक बारीक फुग्यांचा घोस. जंतू तिथे उतरला की त्या फुग्यांत हवेऐवजी पू आणि पाणी भरते. मऊ असलेले फुफ्फुस ओल्या कणकेसारखे जड व ताठ होते. ताठ फुफ्फुस पूर्ण फुगवायला फार जोर लागतो. तेवढा जोर बाळापाशी नसतो, म्हणून ते खोल श्वास सोडून देते आणि उथळ पण भरभर श्वास घेऊ लागते. आपण मोठी माणसे मिनिटाला पंधरा-वीस वेळा श्वास घेतो. हे बाळ साठ, सत्तर, ऐंशी वेळा घेऊ लागते. दुखणे आणखी वाढले की आणखी एक गोष्ट होते. लहान मुलाच्या बरगड्या मऊ असतात. पोटाचा पडदा जिवाच्या कराराने खाली खेचला गेला की छातीचा खालचा भाग आत ओढला जातो आणि पोट बाहेर येते. दर श्वासाला हे आत-बाहेर चालते. तेच ते पोट उडणे. ऐंशी वेळा श्वास घेणे म्हणजे त्या जिवाला दिवसरात्र डोंगर चढण्यासारखे आहे. ते दूध ओढू शकत नाही, कारण ओढायला श्वास थांबवावा लागतो. दोन-तीन दिवसांत ते थकते, आणि थकले की संपते.

परंतु जंतू तर सुखवस्तू घरातल्या मुलाच्या नाकातही असतो. तो एकाच्या फुफ्फुसात का उतरतो आणि दुसऱ्याच्या का नाही? इथे गरिबी आपला हात दाखवते. दोन-सव्वादोन किलो वजनाचे जन्मलेले मूल, अंगावरचे दूध लवकर तुटलेले मूल, कुपोषित मूल, गोवर किंवा डांग्या खोकला नुकताच होऊन गेलेले मूल, एका खोलीत सात माणसांत चुलीजवळ निजणारे मूल. गोवर अंगावरून उतरला म्हणून घरात सुटकेचा श्वास टाकावा आणि आठवड्याच्या आत बाळाला धाप लागावी, हे आपल्याकडच्या कितीतरी आयांनी भोगले आहे. मृत्यूच्या नोंदवहीत कारण एकच लिहावे लागते. खरे पाहता ती एक रांग असते, आणि जंतू त्या रांगेत शेवटी उभा असतो.

या रांगेचे शेवटचे टोक पकडायचे प्रयत्न जिथे झाले त्यांत एक ठिकाण आपल्याला फारसे परिचित नाही. पापुआ न्यू गिनी या देशाच्या डोंगराळ भागातले गोरोका. झोपड्यांना धुराडे नाही, रात्रीच्या थंडीत आतच विस्तव, आणि न्यूमोनिया हा मुलांचा पहिल्या प्रतीचा वैरी. फ्रँक शॅन हे ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ तिथल्या रुग्णालयात होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यवस्थ मुलांच्या फुफ्फुसांतून सुईने द्राव काढून तपासला. त्यांत दोन जंतू मुख्य आढळले, एक आपला न्यूमोकोकस आणि दुसरा हिमोफिलस. दोघेही स्वस्त औषधांना दबणारे. म्हणजे डोंगरातल्या मुलाला मारणारा काही असाध्य रोग नव्हता, हे सिद्ध झाले. पण कोणत्या मुलाला औषध द्यायचे? खोकला तर सगळ्यांनाच असतो. दर खोकणाऱ्या मुलाला औषध देत सुटले तर औषध पुरायचे नाही आणि पुढे ते लागू पडेनासे व्हायचे. क्ष-किरण यंत्र डोंगरात नेता येत नाही. स्टेथोस्कोपचे आवाज ओळखायला आरोग्य सेवकाला शिकवावे, तर डॉक्टरांचेही त्यावर एकमत होत नाही. १९८४ साली शॅन आणि मंडळींनी आपले उत्तर छापले. नळी बाजूला ठेवा. मुलाचे श्वास मोजा. मिनिटाला पन्नासाच्या वर गेले तर औषध द्या. छाती आत ओढली जात असेल तर रुग्णालयात पाठवा.

आजी जे पाहत असे तेच. फक्त आता त्याला आकडा मिळाला होता.

त्या आकड्याला नेमकेपणा देण्याचे श्रेय आपल्या देशाकडे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडेही जाते. तिथल्या चेरियन, जेकब जॉन, स्टाइनहॉफ प्रभृतींनी १९८८ साली दाखवले की वर्षाच्या आतल्या मुलाला पन्नासाचा आकडा बरोबर लागू पडतो, पण त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत चाळीसच धरला पाहिजे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले माप असे आहे. दोन महिन्यांपर्यंत साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षे चाळीस. वाचकांपैकी ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी हे तीन आकडे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्याला पैसे पडत नाहीत.

मोजायचे ठरले. आता मोजणार कोण? सगळे घोडे इथे अडले होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा हाच प्रश्न आहे. त्याचे पहिले धीट उत्तर पंजाबात दिले गेले. लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रकल्प सुरू झाला. टेलर हे मिशनरी दांपत्याचे हिमालयाच्या पायथ्याशी जन्मलेले चिरंजीव, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झालेले. नारंगवालला गावातच राहणाऱ्या आरोग्यसेविका न्यूमोनियाच्या मुलांना स्वतः पेनिसिलिन देत. मुलांचे मृत्यू कमी झाले. मॅककॉर्ड आणि किल्मान यांनी १९७८ साली ते प्रसिद्धही केले. वैद्यकीय जगाने ते वाचले आणि बाजूला ठेवले. डॉक्टरवाचून पेनिसिलिन! ही कल्पनाच त्या काळी पचण्यासारखी नव्हती.

टेलर यांच्या त्याच विद्यापीठात पुढे दोन मराठी डॉक्टर शिकायला गेले. वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या परिसरात वाढलेले अभय बंग आणि चंद्रपूरच्या राणी बंग. शिकून परत आल्यावर त्यांनी गडचिरोली जिल्हा निवडला. हा जिल्हाच मुळी १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघालेला. जंगल, भाताची खाचरे, गोंड-माडियांची वस्ती, आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. १९८६ साली त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली, आणि १९८८ साली न्यूमोनियाचा प्रयोग हाती घेतला. ५८ गावांत उपचाराची व्यवस्था करायची, त्यांत पाच वर्षांखालील मुले ६,१७६. शेजारच्या ४४ गावांत नेहमीचीच सरकारी व खाजगी सोय चालू द्यायची, तिथली मुले ३,९४७. आणि दोन्हीकडे प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू टिपायचा.

ही शेवटची गोष्ट वाचायला सोपी वाटते. खेड्यात मूल मेले तर ते बहुधा कागदावर येतच नाही. नाव ठेवण्यापूर्वी गेलेल्या मुलाची कोण कुठे नोंद करतो? म्हणून मूल गेलेल्या घरी काही दिवसांनी जायचे, ओसरीवर बसायचे, आणि आईला विचारायचे. ताप होता का, खोकला होता का, पोट उडत होते का, किती दिवस? या उत्तरांवरून कारण ठरवायचे. हे विचारणाऱ्यांचे मन किती घट्ट करावे लागत असेल, याची कल्पना आपण घरी बसून करावी. २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंवर 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला, त्यात सरकारी दप्तरापेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले, तेही अशाच घरोघरच्या मोजणीमुळे.

उपचार करणार होते ते गावातलेच लोक. काही संस्थेचे साहाय्यक कार्यकर्ते, काही थोडेफार शिकलेले ग्राम आरोग्यसेवक, आणि गावच्या दाया. दाई म्हणजे अनुभवाने पिकलेली, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ कापलेली, पण अक्षरशत्रू बाई. तिला घड्याळ कळत नाही. पन्नासापर्यंत न चुकता मोजणे कठीण. मग हिने श्वास मोजायचे कसे? त्यावर गडचिरोलीत जी तोड निघाली ती मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. एका लहानशा चौकटीत वाळूचे घड्याळ, बरोबर एक मिनिटाचे. त्याच्याजवळ तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. वाळू उलटी करायची आणि श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू सरण्याआधी शेवटच्या मण्यापर्यंत पोचले तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे. बाजारात भाजीचा हिशेब बोटांच्या पेरांवर करणाऱ्या बाईला हे का जमू नये? जमले. शास्त्राच्या आकड्याला इथे पहिल्यांदा खेड्यातला हात मिळाला.

औषध साधे, कोट्रायमॉक्झॅझोल. त्याबरोबर गावोगाव सांगत फिरायचे की ज्याला तुम्ही डबा म्हणता त्यावर औषध आहे, आणि ते तुमच्याच गावात आहे. डॉक्टरी नाव शिकवीत बसायचे कारण नव्हते. आयांना खूण ठाऊकच होती.

वर्षाअखेर हिशेब निघाला तो १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट'ने छापला. या लोकांनी न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार केले, त्यांत शंभरात एकही पुरते दगावले नाही, ०.८ टक्के. शेजारच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजार मुलांमागे तिकडे १७.५, इकडे ८.१. एका मुलाचा जीव वाचवण्यामागे औषधाचा खर्च आला २.६४ डॉलर. तेवढ्या पैशात दिवाळीच्या फटाक्यांची एक बरी माळ येते की नाही, शंका आहे.

हे आकडे वाचताना त्या ४४ गावांचा विचार मनातून जात नाही. तिथल्या मुलांना काही वाईट वागवले गेले नव्हते. देशात सर्वत्र जे मिळत होते तेच त्यांना मिळत होते, आणि पोळते ते हेच. तुलना केली नसती तर जगाने विश्वास ठेवला नसता, नारंगवालसारखेच वाचून बाजूला ठेवले असते. तरी पण.

आक्षेप आलेच. अडाण्यांच्या हाती प्रतिजैविके दिली तर उद्या ती निकामी होतील, असा डॉक्टरांचा मुख्य मुद्दा. तो खोटा नव्हता, पण शहरात साध्या पडशालाही हीच औषधे लिहून देणाऱ्यांनी तो मांडावा, याचे नवल वाटते. मोजून देणारी दाई न मोजता देणाऱ्या पदवीधराहून औषधाची अधिक काटकसर करीत होती. निरनिराळ्या देशांतले असे नऊ प्रयोग एकत्र करून साझावाल आणि ब्लॅक यांनी २००३ साली दाखवले की या एका उपायाने पाच वर्षांखालील एकूण मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतात. गडचिरोलीत पुढची पायरी नवजात बाळांची होती, कारण पहिल्या महिन्यातले मूल धाप लागण्याचीही वाट पाहत नाही. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या स्त्रिया घरोघर जाऊन बाळाला ऊब, अंगावरचे दूध आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शनसुद्धा देऊ लागल्या. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते ते पंचवीसवर आले. २०११ साली भारत सरकारने नवजात बाळांसाठी घरच्या घरी भेटींची योजना 'आशा' कार्यकर्तीमार्फत देशभर सुरू केली, तिचे मूळ या ३९ गावांत आहे.

धुराची गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी १९८१ साली गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायका किती धूर गिळतात ते मोजायला आरंभ केला आणि पुढचे सारे आयुष्य चुलीपायी घालवले. ग्वाटेमालाच्या डोंगरात त्यांनी धुराड्याच्या चुली बसवून पाहिल्या. गंभीर न्यूमोनिया सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटला, पण एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सांगावी एवढी नव्हती. त्यानंतर तामिळनाडूसह चार देशांत गरोदर बायकांना गॅसच्या शेगड्या देऊन मोठा प्रयोग झाला. धूर खरोखरच कमी झाला. २०२४ साली निष्कर्ष आला की बाळांच्या गंभीर न्यूमोनियात त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चूल निर्दोष ठरली असा याचा अर्थ कोणी काढू नये. आईचे डोळे, तिची छाती, तिची लाकडाची मोळी यांचा हिशेब निराळाच आहे. पण रांगेतले एक कारण काढून घेतले की मूल वाचलेच, असे होत नाही, एवढे खरे.

लसींनी त्यामानाने झपाट्याने काम केले. हिमोफिलसची लस भारतात २०११ पासून पंचगुणी लसीतून येऊ लागली. न्यूमोकोकसची लस अमेरिकेत २००० साली आली, पण तिची किंमत पाहता आपल्या सरकारी कार्यक्रमात ती शिरायला २०१७ साल उजाडले, आणि साऱ्या देशात पोचायला २०२१. त्याआधी वर्षभर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची स्वस्त लस बाजारात आणली. पिंपरीच्या पेनिसिलिनपासून हडपसरच्या लसीपर्यंत अंतर म्हटले तर एका शहराचे, म्हटले तर साठ-पासष्ट वर्षांचे.

आणखी एक माणूस सांगायचा राहिला. बांगलादेशचे डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती. १९९६ साली सिल्हेटच्या रुग्णालयात नवशिक्या डॉक्टर म्हणून ते रुजू झाले, आणि त्या एका रात्रीत न्यूमोनियाची तीन मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. प्राणवायू देऊनही गेली. पुढे ऑस्ट्रेलियात त्यांनी एक महागडे यंत्र पाहिले. त्यात बाळाने सोडलेला श्वास नळीतून पाण्यात जातो, बुडबुडे निघतात, आणि पाण्याच्या त्या दाबामुळे फुफ्फुसातले फुगे मिटत नाहीत. चिश्ती ढाक्याला परतले आणि शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यांनी तेच साधले. २०११ ते २०१३ या काळात तिथल्या रुग्णालयात तुलना झाली. साध्या प्राणवायूवरच्या ६७ मुलांपैकी १० गेली, बाटलीच्या ७९ पैकी ३. मात्र आफ्रिकेत मलावीच्या जिल्हा रुग्णालयात अशाच दाबाच्या प्राणवायूने, डॉक्टरची सततची देखरेख नसताना, उलट अधिक मुले गेली, हे २०१९ साली दिसून आले. बाटलीशेजारी चिश्तींसारखा माणूस उभा असावा लागतो.

श्वासांच्या आकड्याचेही आता पुन्हा परीक्षण चालू आहे. लसी आल्या, मुलांची प्रकृती थोडी सुधारली, तशी भरभर श्वास घेणाऱ्या मुलांतली पुष्कळशी विषाणूच्या साध्या दुखण्याची निघू लागली. कराचीतल्या एका मोठ्या प्रयोगात, २०२० साली, छाती न ओढणाऱ्या पण भरभर श्वास घेणाऱ्या मुलांपैकी काहींना औषध व काहींना नुसते नावाचे पाणी दिले. पाणी घेतलेल्यांत बिघडलेली मुले शंभरात ४.९, औषध घेतलेल्यांत २.६. बाकीची दोन्हीकडे आपोआप बरी झाली. पण शंभरातली ती दोन-तीन मुले कोणती हे आधी कोणालाच सांगता येत नाही, आणि रात्री गाडी न मिळणाऱ्या पाड्यावर ती जुगारासारखी सोडून देता येत नाहीत. २०१९ साली जगात न्यूमोनियाने गेलेली पाच वर्षांखालील मुले सुमारे ७ लाख ४० हजार होती. चाळीस लाखांवरून इतपत. त्याच वर्षी आपल्या सरकारने 'सांस' नावाची मोहीम सुरू केली आणि श्वास मोजण्याचे काम पुन्हा गावातल्या बाईच्या हाती दिले.

हे मोजणे करून पाहायचे असेल तर एक बारकावा आहे, तो शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजायचे नसतात. आकडा खोटा येतो. घरात शिरल्या शिरल्या झबल्याला हात घातला की मूल भोकाड पसरते. म्हणून शहाणी बाई आधी नुसती बसते. पाऊसपाणी, धान, सासूची कंबर असे काहीबाही बोलते. आईने मुलाला अंगावर घेतले, मूल पेंगू लागले, की ती हळूच झबल्याची कड वर सारते आणि वाळू उलटी करते. मधेच मूल चुळबुळले, तर ते मिनिट सोडून द्यायचे. वाळू पुन्हा उलटी करायची, मणी मागे ओढायचे, आणि एकपासून मोजायला लागायचे.